अनुपस्थितीचं कारण : इतर

शेजारच्या काकूंना मी सांगितलं होतं, "डोळे दाखवायला चाललेय बांबोळीला." गोमेकॉत, म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजात, डोळे दाखवायला गेलं की कुणी काही विचारत नाही. दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या टीचरचे डोळे बिघडले, यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. खरं म्हणजे मी गोमेकॉच्या शेजारच्या मनोविकार इस्पितळात चालले होते. ते इस्पितळ पूर्वी पणजीला आल्तिनोवर होतं. माझ्या लहानपणी कुणाचं डोकं फिरलंय असं सांगायचं असलं की "आल्तिनोवर पाठवायला हवा" म्हणत. आता ते बांबोळीला असलं तरी शब्दाची भीती तीच. म्हणून डोळे.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही दोन शिक्षिका, मुलं तेवीस, वर्ग चार. राहते सांखळीला. नवरा पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगा तेव्हा नववीत, घरात सासूबाई. 2020 च्या मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही फळ्यावर दुसऱ्या दिवशीची तारीख लिहून आलो होतो. ती पुढे कितीतरी महिने तशीच राहिली. एप्रिलमध्ये घरोघर जाऊन ताप-खोकल्याचं सर्वेक्षण करायचं काम आलं, तेही केलं. त्याचा ताण नव्हता असं नाही, पण तो ताण दिसणारा होता. दार वाजवा, प्रश्न विचारा, लिहा, पुढच्या घरी जा. संध्याकाळी पाय दुखायचे आणि रात्री झोप लागायची.

जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर शाळा सुरू झाली आणि पायांचं दुखणं गेलं.

सुरुवातीला मला मजाच वाटली होती, हे कबूल करते. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, मागे सासूबाईंची निळी चादर लावायची आणि हातच्याची वजाबाकी शिकवायची. पण वर्गात मी चुकले तर मुलं सांगतात, मी पुसते, हसतो सगळे. व्हिडिओत चुकले तर तो तेवीस घरांत जातो, आणि घरात मुलंच नसतात. आई असते, आजी असते, मुंबईहून लॉकडाऊनमुळे आलेला काका असतो. अशाच एका काकांनी मला ग्रुपवर सर्वांसमोर लिहिलं होतं की 'हातचा' हा शब्द आता जुना झाला, मुलांना गट करून शिकवावं. त्यांचं चूक नव्हतं. पण त्या दिवसापासून मी सात मिनिटांचा व्हिडिओ आठ-आठ, दहा-दहा वेळा करू लागले. कुकरची शिटी झाली, पुन्हा. कुत्रा भुंकला, पुन्हा. सोळा वर्षं शिकवूनही शिकवताना माझा चेहरा कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. आता रोज पाहत होते, आणि तो मला आवडत नव्हता.

रेंजचं तर काय सांगायचं. सत्तरीत डोंगरावर चढून, काजूच्या बागायतीत दगडावर बसून शिकणाऱ्या मुलांचे फोटो तेव्हा पेपरात आले होते. आमच्या वाड्यावर एक पाण्याची टाकी आहे, तिच्या पायऱ्यांवर दोन काड्या यायच्या. गूगल मीटवर मी तेवीसांपैकी चार-पाच मुलांपलीकडे कधी गेले नाही. तीही मुलं म्हणजे काळ्या चौकोनातलं एकेक अक्षर. अधूनमधून आवाज : "टीचर, रेंज ना!" रेंज नाही हे सांगण्यापुरती रेंज कुठून यायची, देव जाणे.

मुख्य गोष्ट होती फोन कुणाचा ही. आमच्या भागात 2018 मध्ये खाणी बंद झाल्यापासून अनेक घरांचे ट्रक दारात गंजत उभे. त्यातले बरेच बाप होंड्याच्या, पिसुर्लेच्या कारखान्यांत लागले. घरात फोन एकच, आणि तो बापाच्या खिशात. तो रात्री आठला घरी येणार, जेवणार, मग मुलाच्या हातात फोन. म्हणजे माझ्या मुलांची शाळा रात्री साडेआठला भरायची. अकरापर्यंत वह्यांचे फोटो येत. अंधुक, तिरके, कधी वहीपेक्षा आजीचा पायच जास्त. ते मोठे करून करून मी वाचायची, बोटाने लाल रेघ मारून परत पाठवायची. सकाळी साडेसहाला पुन्हा पहिला मेसेज. तोही कुणा बापाचा, कामावर निघण्याआधी.

आणि मधल्या वेळात फॉर्म. किती मुलं हजर, किती गैरहजर, कारण काय, कोणती लिंक पाठवली, त्याचा स्क्रीनशॉट, मुलं अभ्यास करतानाचे फोटो, पालकांशी बोलल्याची नोंद. कधी दुपारी मागत, कधी रात्री दहाला, 'उद्या सकाळी दहापर्यंत'. एकच माहिती तीन वेगवेगळ्या तक्त्यांत. माझ्या फोनची मेमरी भरायची, मग मुलांचे जुने व्हॉइस मेसेज पुसायची मी. पहिलीतल्या एका मुलीने 'ये रे ये रे पावसा' म्हणून पाठवलेलं असंच पुसलं गेलं. त्याची हळहळ अजून आहे.

हे असं एक वर्ष काढलं. दुसरं लागलं. मे 2021 मध्ये चक्रीवादळ झालं, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला सुखाचे गेले. फोन मेलेला होता.

मग 23 जुलैचा पूर आला. म्हादई चढली, वाळवंटी चढली. 1982 नंतर एवढं पाणी पाहिलं नाही असं जुनी माणसं म्हणत होती. आमच्या चौथीतल्या एका मुलाचं मातीचं घर बसलं. माणसं वाचली. दप्तर, पुस्तकं, बापाचा फोन सगळं गेलं. मुलाच्या मामाने मला दुसऱ्या नंबरवरून कळवलं. त्याच संध्याकाळी नेहमीचा फॉर्म आला. मुलाचं नाव, हजर की गैरहजर, अनुपस्थितीचं कारण. कारण लिहायचं नसतं, निवडायचं असतं. नेटवर्क नाही. साधन नाही. आजारी. इतर.

घर पडलं म्हणजे 'इतर'.

मी त्या शब्दावर बोट नेलं आणि ते दाबताच येईना. किती वेळ बसले माहीत नाही. मुलगा येऊन म्हणाला, "आई, तू रडतेस काय?" मला तोवर कळलंही नव्हतं. फॉर्म त्यानेच भरला.

त्यानंतरचे पंधरा दिवस नीट आठवत नाहीत. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड. फोन वाजला नसला तरी उशीखाली थरथरल्यासारखा वाटायचा. भाजीत दोनदा मीठ. सासूबाई काही सांगू लागल्या की मला वाटायचं, यांना म्यूट करता आलं असतं तर. एकदा तसं तोंडातून गेलंही. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "ते काय असतं गो?" आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलांचा राग येऊ लागला. अंधुक फोटो पाठवणाऱ्या आठ वर्षांच्या पोराचा राग! त्या रागाची मला भीती वाटली.

हृदयाचं काही असेल म्हणून आधी सरकारी दवाखान्यात गेले. ईसीजी ठीक, थायरॉइड ठीक, रक्तदाब 150/96. तरुण डॉक्टर होती. तिने कागद बाजूला ठेवून विचारलं, झोप कशी आहे? शेवटचं मोकळेपणी कधी हसलात? मी म्हटलं, मास्क आहे ना, कळत नाही. ती हसली नाही. चिठ्ठी लिहिली, बांबोळीची.

घरी नवऱ्याला दाखवली. तो बराच वेळ चिठ्ठी बघत राहिला. म्हणाला, "मी रजा घेतो, स्कूटरने जाऊ. पण आईला सांगू नको." सासूबाईंना आधीच सगळं माहीत होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

ओपीडीत केस पेपर काढताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, "व्यवसाय?" शिक्षिका म्हटल्यावर त्याने मान वर केली नाही. मला उगाच वाटत होतं की तो बघेल. बाकावर लोक अंतर सोडून बसलेले. कुणी किंचाळत नव्हतं, कुणी केस पिंजारलेलं नव्हतं. एक बाई चक्क अबोलीचा वळेसर माळून आली होती. समोरच्या भिंतीकडे बघताना मला पणजीतला आबे फारियाचा पुतळा आठवला, जुन्या सचिवालयाच्या बाजूचा. कांदोळीत जन्मलेला हा गोंयकार पाद्री संमोहनशास्त्राच्या सुरुवातीच्या लोकांतला. पुतळ्यात तो हात पसरून उभा आहे आणि समोर एक बाई मागे कलली आहे. सहलीत चौथीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "टीचर, ती बाई निजलीय की भियेली?" मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. त्या दिवशी बाकावर बसून वाटलं, ती दमली असेल.

डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं, मग नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं : कशात रस नाही, खिन्न वाटतं, झोप नाही किंवा फार आहे, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि मरून जावं असं वाटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. शेवटच्यावर मी शून्य केलं, ते खरं होतं. बाकीचे करताना शिक्षिकेची खोड जाईना, मी बरोबर उत्तर कोणतं ते शोधत होते. बेरीज आली 16, सत्तावीसपैकी. आमच्या शाळेत सहज पास झाले असते. इथे जितके कमी तितके चांगले.

दोन गोळ्या लिहून दिल्या. एक झोपेसाठी, थोडे दिवसच. दुसरीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं. आणि समुपदेशनासाठी दुसऱ्या खोलीत पाठवलं. तिथली मुलगी माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनीच्या वयाची असेल. मला "टीचर" म्हणाली आणि मला रडू आलं. ते तिने येऊ दिलं. घाईने समजावलं नाही, हे मला फार आवडलं.

पुढच्या दहा-बारा आठवड्यांत आमच्या सात बैठका झाल्या, काही बांबोळीला, काही फोनवर. फोनवरच्या ठरवताना तिनेच विचारलं होतं, "तुम्हाला फोनचा त्रास होणार नाही ना?" झाला नाही. एकच माणूस, एकच विषय, आणि शेवटी कुठला फॉर्म नाही.

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ म्हणजे फक्त लिहायचं. कधी काय केलं, किती वेळ, आणि त्यानंतर मन कसं होतं, दहापैकी. मी शाळेच्या जुन्या टाचण वहीत रकाने पाडले. आठवड्याने आम्ही बेरीज केली. रोज सरासरी साडेतेरा तास फोन हातात किंवा हाताशी. त्यात प्रत्यक्ष मुलांना शिकवणं, वह्या बघणं, मुलांशी बोलणं सगळं मिळून तीन तासांपेक्षा थोडं जास्त. बाकीचा वेळ शिकवलं हे दाखवण्यात गेला होता. स्क्रीनशॉट, तक्ते, फोटो, व्हिडिओ पुन्हा पुन्हा काढणं, कुणी काही विचारलं तर उत्तर तयार ठेवणं. मनाच्या रकान्यात मुलांशी बोलल्यानंतरचे आकडे सहा, सात. तक्त्यांनंतरचे दोन. मी वर्षभर म्हणत होते की मला शिकवण्याचा कंटाळा आलाय. वहीत तसं काही दिसत नव्हतं.

मग आली खरी अडचण. ती म्हणाली, संध्याकाळी सहानंतर फोन बंद ठेवता येईल का? कुणीही हेच सांगेल, पुस्तकांतही हेच असतं. मी म्हटलं, नाही. सहाला बंद केला तर ज्यांच्या घरी दिवसा फोन आहे ती मुलं शिकतील आणि कारखान्यातून फोन यायची वाट बघणारी राहतील. तिने वाद घातला नाही. "मग तुमची शाळा कधी भरते, ते तुम्हीच ठरवा. पण सुटायला हवी."

तीन दिवस मी त्यावर विचार केला. शेवटी ठरलं ते असं. दुपारी एक ते चार फोन कपाटात. रात्री साडेआठ ते साडेनऊ फक्त मुलांसाठी, त्या तासात तक्ता उघडायचा नाही. तक्ते सकाळी दहा ते अकरा, जेवढे होतील तेवढे. रात्री आलेला हुकूम सकाळी वाचायचा. साडेनऊचा गजर लावला आणि त्याला शाळेच्या घंटेचा आवाज दिला. तो वाजला की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, झोपायच्या खोलीत नाही. आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी दर सोमवारी कामाच्या कागदांचे गठ्ठे झेरॉक्स करून वाड्यावरच्या किराणा दुकानात ठेवायला लागले. मुलं मीठ-साखर न्यायला येत, गठ्ठा नेत, शनिवारी परत ठेवत. खर्च पदरचा. पण बऱ्याच दिवसांनी मुलांचं अक्षर कागदावर पाहिलं. पेन्सिल किती दाबून लिहिलंय ते बोटाला लागतं, हे मी विसरलेच होते.

पालकांच्या ग्रुपवर वेळापत्रक टाकलं तेव्हा हात कापत होते. दोघांनी अंगठा दाखवला. एकाने लिहिलं, 'पगार तर चोवीस तासांचा मिळतो ना?' मी उत्तर टाईप केलं, पुसलं, टाईप केलं, पुसलं. मग साडेनऊची घंटा झाली आणि फोन ठेवून दिला. सकाळी पाहिलं तर त्याला इतर पालकांनीच झापलं होतं. वरून मात्र विचारणा झाली, रात्रीचे तक्ते उशिरा का. मी दवाखान्याची चिठ्ठी न दाखवता 'प्रकृतीच्या कारणाने' एवढंच लिहून दिलं. भ्याले, हे खरं आहे. आज असते तर पूर्ण लिहिलं असतं की नाही, सांगता येत नाही.

झोपेचे नियम वेगळे होते. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर पडून राहायचं नाही, उठून दुसरीकडे बसायचं. मी ओट्याशी बसून कुळीथ निवडायची. त्या महिन्यात आमच्याकडे पिठी फार झाली. आणि काळजीची वेळ : संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, सगळ्या काळज्या तेव्हा लिहायच्या, एरवी आली तर तिला सांगायचं, साडेपाचला ये. हे मला पोरखेळ वाटलं होतं. पण पहिलीच्या मुलांना आपण "मधल्या सुट्टीत सांग हं" म्हणतो तेव्हा निम्मी मुलं मधल्या सुट्टीत विसरलेली असतात, तसंच झालं.

पूर्वी काय आवडायचं त्याची यादी करून त्यातलं एकेक, मन लागो न लागो, ठरलेल्या वेळी करायचं हाही उपचाराचाच भाग. माझ्या यादीत फुगडी होती, ती त्या वर्षी शक्य नव्हती. दुसरी होती माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-पानं बांधून केलेली आरास. 10 सप्टेंबरला चवथ होती. आदल्या आठवड्यात मी मुलाला घेऊन रानात गेले. तोरिंगण, सुपारीचं शिपटं, चिबूड, काय मिळेल ते. गोळीचा गुण तेव्हाच येऊ लागला असेल, की रानाचा, कोण सांगणार. माटोळी बांधताना मी गुणगुणत होते असं सासूबाईंनी दिराला सांगितलं.

पुढे वाचनात आलं की कामांची आखणी करून मनाला हळूहळू रुळावर आणण्याची ही पद्धत गोव्यातल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली गेली आहे. डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ बैठकांत ती दिली, आणि त्याचा निबंध 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे उपाय घराच्या इतका जवळ होता. आणखी एक लाजेची गोष्ट. केंद्र सरकारने 21 जुलै 2020 ला 'मनोदर्पण' सुरू केलं, त्याचा 8448440632 हा क्रमांक मी स्वतः पालकांच्या ग्रुपवर पुढे पाठवला होता. न वाचता. ते विद्यार्थ्यांसाठी होतं तसंच शिक्षकांसाठीही, हे मला वर्षभराने कळलं. आता 14416 वर 'टेलि-मानस' ही मानसिक आधाराची फोनसेवा आहे, ते 2022 च्या ऑक्टोबरपासून. हा क्रमांक मी आमच्या शिक्षकखोलीत, म्हणजे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, चिकटवला आहे. आतल्या बाजूला का, ते विचारू नका.

नोव्हेंबरात तोच नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरला. सहा आले. गोळी मात्र पुढे बरेच महिने चालली, डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. मध्ये एकदा मी आगाऊपणा करून चार दिवस घेतली नव्हती, चक्कर आली आणि कान धरले. काकूंनी मध्येच विचारलंच, "नंबर किती लागला गो?" मी गडबडून सव्वा म्हटलं. मग गुपचूप सांखळीत डोळे तपासून घेतले, तर खरंच सव्वा निघाला. चष्मा घालूनच आता हे लिहितेय.

2022 च्या फेब्रुवारीत, निवडणूक झाली आणि 21 तारखेला शाळा पुन्हा भरली. घर पडलेला तो मुलगा एव्हाना दुसऱ्या शाळेत गेला होता. फळा पुसायला घेतला तर जुना खडू इतका बसलेला की ओल्या फडक्यानेही जाईना. दुसरीतली मुलं पहिल्यांदाच वर्गात बसत होती. त्यांना एकमेकांची नावं माहीत होती, चेहरे नव्हते, कारण ग्रुपवर सगळ्यांच्या फोटोत बापच. "तू तो गणपतीचा फोटोवाला काय?" असं चाललं होतं.

तक्ते गेलेले नाहीत. नुसते कमी झालेत. साडेनऊचा गजर मी सहावर आणला, आवाज घंटेचाच ठेवला. परवा सांखळीच्या बाजारात नुस्तं घेत होते आणि पर्समध्ये घंटा वाजू लागली, बंदच होईना. नुस्तेकारीण बांगडे मोजता मोजता थांबली. "टीचर, शाळा सुटली मगो?"

मी म्हटलं, सुटली. तिने एक बांगडा वर घातला.